अंबाडीची लाज कशाला?

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. १९७१ साली सुनील गावसकरांनी तेथे पहिल्याच मालिकेत ७७४ धावा काढल्या, हे पाठ असते. पण तेथील माणसे जेवतात काय? मला हा प्रश्न पडला आणि त्याचे उत्तर आमच्याच शेताच्या बांधावर सापडले!

जमैकात नाताळच्या सणाला एक लाल सरबत लागतेच. त्याला 'सॉरेल' म्हणतात. सॉरेल म्हणजे दुसरेतिसरे काही नसून लाल अंबाडीची बोंडे. ही वनस्पती मूळची आफ्रिकेची. उसाच्या मळ्यांसाठी तेथून माणसे गुलाम करून नेली, त्यांच्याबरोबर तीही गेली. पुढे इंग्रजांच्या वसाहतींत गुलामगिरी बंद झाली. मग मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. अशा मजुरांचे पहिले जहाज ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला लागले. 'अ‍ॅग्रीमेंट'चे त्यांनी 'गिरमिट' केले. वांगे भाजून, कुस्करून, वर लसणाची फोडणी देऊन ते तेथे 'चोखा' करू लागले. आपण त्याला भरीत म्हणतो. पालेभाजीला तर तेथे आजही 'भाजी'च म्हणतात.

मॉरिशसच्या उसात रत्नागिरी-साताऱ्याकडील मराठी माणसेही गेली. तेथे रस्तोरस्ती डाळपुरी मिळते. आपल्या पुरणपोळीतला गूळ काढून हळद-जिरे घातले की झाली डाळपुरी! तिच्याबरोबर टोमॅटो-कांद्याचा क्रिओल रस्सा असतो. क्रिओल म्हणजे अनेक मुलखांच्या माणसांच्या मिसळणीतून तेथेच जन्मलेले. आज त्या बेटांना या मिसळीचा अभिमान आहे.

आणि आपण? आपले देगलूर तेलंगण आणि कर्नाटकाच्या वेशीवरचे. एकाच आंबट पाल्याला आपण अंबाडी म्हणतो, कानडी माणूस पुंडी म्हणतो, तेलुगू माणूस पुंटीकूर म्हणतो. बाजारात एका वाक्यात तीन भाषा येतात. पण कॉलेजात पाऊल टाकले की आपल्याला आपल्या बोलीची आणि डब्याची लाज वाटू लागते. अंबाडी-भाकरी आणणारा कोपऱ्यात बसतो, मंच्युरियन खाणारा मध्यभागी! जो ठेचा आपण अस्सल गावरान समजतो, त्यातली मिरचीसुद्धा अमेरिका खंडातली. कोलंबसाला ती प्रथम कॅरिबियन बेटांवरच दिसली. मग 'शुद्ध' जेवण कोणते ते कोणी सांगेल काय?

हा प्रश्न मला केवळ चवीचा वाटत नाही. माझी आई दरवर्षी मुकादमाची उचल घेऊन वडिलांबरोबर ऊसतोडीला जाते. पहाटे कोपीपुढे तीन दगडांवर भाकऱ्या थापते आणि मग फडात उतरते. गिरमिट आणि उचल एकच आहेत, असे मी म्हणत नाही. हालअपेष्टांचे कौतुकही मला करायचे नाही. पण त्रिनिदादच्या ऊसमजुराचे जेवण जर त्या देशाची संस्कृती ठरते, तर माझ्या आईची भाकरी केवळ 'गरिबाचे खाणे' का ठरावी?

गेल्या हिवाळ्यात मी घरी सॉरेल केले. बोंडांच्या लाल पाकळ्या, ठेचलेले अद्रक आणि दोन लवंगा पाण्यात उकळून रात्रभर झाकून ठेवल्या. सकाळी गाळून साखर घातली. आजीने घोट घेतला आणि म्हणाली, "ह्ये तर आपल्या अंबाडीचंच पानी हाय की!" जमैका तिला ठाऊक नाही, पण चव बरोबर ओळखली!

मित्रहो, स्नेहसंमेलनाच्या आनंदनगरीत दरवर्षी वडापाव आणि मंच्युरियन असतातच. यंदा एक स्टॉल अंबाडीच्या सरबताचा, भरीत-भाकरीचा आणि डाळपुरीचा लावावा, अशी माझी सूचना आहे. प्राध्यापकांनीही तेथे अवश्य यावे. भाकरी थापायला कोणाची तरी आई नक्की येईल. तिला मात्र स्टॉलच्या मागे बसवू नका.