अल्झायमरची रक्ततपासणी आली, मग स्मरणशक्तीच्या चाचणीची गरज संपली का?

‘डॉक्टर, वडील हल्ली नावं विसरतात. ती अल्झायमरची रक्ताची तपासणी लिहून द्या ना.’ ही मागणी आता दवाखान्यात अधूनमधून होऊ लागली आहे. १६ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्ततपासणीला परवानगी दिली, तेव्हापासून ही चर्चा घरोघरी पोहोचली आहे. तपासणी महत्त्वाची आहे यात शंका नाही. मात्र ती नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे आधी समजून घ्यायला हवे.

रक्तात काय मोजतात?

अल्झायमरमध्ये मेंदूत पेशींच्या बाहेर अमायलॉइड या प्रथिनाचे थर साचतात आणि पेशींच्या आत टाऊ या प्रथिनाचा गुंता होतो. रुग्ण हयात असताना अमायलॉइड शोधण्याचे आतापर्यंत दोन मुख्य मार्ग होते: विशिष्ट प्रकारचा पेट स्कॅन किंवा कमरेतून सुई घालून मणक्यातले पाणी काढून तपासणे. पहिला महाग, तर दुसऱ्याची लोकांना भीती वाटते. नव्या तपासणीत पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड-बीटा ४२ या दोन घटकांचे रक्तातील गुणोत्तर काढतात.

एफडीएने विचारात घेतलेल्या अभ्यासात ४९९ नमुने होते. रक्ततपासणी ‘पॉझिटिव्ह’ आलेल्यांपैकी ९१.७ टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइड असल्याचे पेट स्कॅन किंवा मणक्यातल्या पाण्याच्या तपासणीत दिसले. ‘निगेटिव्ह’ आलेल्यांपैकी ९७.३ टक्के लोकांत या तपासण्यांनीही ते नसल्याचे सांगितले. २० टक्क्यांहून थोड्या कमी लोकांचा अहवाल मात्र ‘नक्की सांगता येत नाही’ असा आला.

आकडे चांगले आहेत, पण ते ज्यांची स्मृती किंवा आकलन आधीच कमी झाले होते अशा लोकांचे आहेत. परवानगीसुद्धा लक्षणे असलेल्या, ५५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींसाठी आणि तज्ज्ञांकडील तपासणीचा एक भाग म्हणूनच दिली आहे.

निरोगी माणसाने केली तर?

एक साधा हिशोब करू. समजा, एखादी तपासणी १०० पैकी ९० वेळा बरोबर ठरते. तज्ज्ञांकडे आलेल्या १०० रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूत अमायलॉइड असेल, तर ५८ अहवाल पॉझिटिव्ह येतील आणि त्यांतले ५४ बरोबर असतील. हीच तपासणी कोणताही त्रास नसलेल्या १००० जणांची केली आणि त्यांपैकी १०० जणांतच अमायलॉइड असेल, तर पॉझिटिव्ह येतील १८०. त्यांतले ९० चुकीचे! तपासणी तीच, पण ती कोणाची केली यावर अहवालाची किंमत ठरते.

शिवाय अमायलॉइड आहे म्हणजे स्मृतिभ्रंश होणारच, असेही नाही. अनेक वृद्धांच्या मेंदूत ते असते आणि शेवटपर्यंत त्यांचे व्यवहार चोख राहतात. यावरूनच तज्ज्ञांत मतभेद आहेत. अमेरिकेतील अल्झायमर्स असोसिएशनच्या कार्यगटाने २०२४ मध्ये अल्झायमरची व्याख्या जैविक खुणांवर आधारली. त्याच वर्षी प्रा. ब्रुनो दुब्वा यांच्यासह आंतरराष्ट्रीय गटाने वेगळे मत मांडले: लक्षणे नसतील तर त्या व्यक्तीला ‘रुग्ण’ न म्हणता ‘जोखीम असलेली’ म्हणावे. पण लक्षणे नसलेल्यांची नेहमीच्या वैद्यकीय सेवेत अशी तपासणी करू नये, यावर दोन्ही गटांचे एकमत आहे.

स्मरणशक्तीच्या चाचणीलाही मर्यादा आहेत

मेंदूत काय साचले आहे हे रक्त सांगते. माणसाचे रोजचे जगणे किती बिघडले आहे हे कळण्यासाठी त्याच्याशी बोलावेच लागते. त्यासाठी ३० गुणांच्या एमएमएसई किंवा मोका या चाचण्या वापरतात. पण त्यांत वजाबाकी करणे, आकृती काढणे असे प्रश्न असतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजींना यात कमी गुण मिळतात, पण त्या घरचा बाजारहाट आणि देणे-घेणे तोंडपाठ सांभाळत असतात. उलट, निवृत्त प्राध्यापकांना २८ गुण मिळतात आणि घरी मात्र गॅस चालू राहू लागलेला असतो. निरक्षरांना न्याय मिळावा म्हणून भारतात हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार झाली. पुढे आयसीएमआरने पाच भारतीय भाषांत चाचणीसंच बनवला, पण त्या पाच भाषांत मराठी नव्हती. म्हणून गुणांपेक्षा ‘पूर्वी जमायचे आणि आता जमत नाही’ असे काय आहे, हे घरच्यांनी सांगणे फार मोलाचे ठरते.

मग करायचे काय?

क्रम महत्त्वाचा आहे.

१. सहा महिने-वर्षभरात काय बदलले ते लिहून काढा: तेच प्रश्न पुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांच्या हिशोबात गोंधळ.

२. नेहमीच्या डॉक्टरांकडून बी-१२, थायरॉइड, साखर, श्रवणशक्ती, नैराश्य आणि झोपेच्या गोळ्या यांची तपासणी करून घ्या. यांतली बरीच कारणे उपचारांनी सुधारतात.

३. स्मरणशक्तीची चाचणी रुग्णाच्या भाषेत आणि शिक्षणाचा विचार करून व्हावी. गरज असल्यास मेंदूचा स्कॅन करावा.

४. एवढे झाल्यावरही शंका उरली, तर जैविक खुणांची तपासणी करायची की नाही हे न्यूरॉलॉजिस्टसोबत ठरवा. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर तसे सांगा, कारण त्यामुळे रक्तातील पी-टाऊ वाढलेले दिसू शकते.

अमायलॉइड कमी करणाऱ्या लेकॅनेमॅबसारख्या औषधांसाठी ही तपासणी उपयोगी आहे, कारण अमायलॉइडचा पुरावा नसेल तर ती देता येत नाहीत. ही औषधे आजाराचा वेग काहीसा कमी करतात, गेलेली स्मृती परत आणत नाहीत. त्यांमुळे मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोकाही असतो.

वडील नावे विसरत असतील तर रक्त देण्याआधी त्यांच्याजवळ अर्धा तास बसा, बोला आणि ऐका. निदानाची सुरुवात अजूनही तिथूनच होते.