सहन करणे म्हणजे धम्म नव्हे

रविवारी संध्याकाळी विहारात वंदना चालू असते आणि आमच्यातल्या कुणाच्या तरी पोटात गोळा येतो. उद्या सोमवार, उद्या ड्युटी. तोंडाने त्रिसरण म्हणायचे आणि डोक्यात सुपरवायझरचा आवाज. दोन वर्षांपूर्वी आम्हा नऊही जणींची हीच अवस्था होती.

आम्ही उत्तर नागपूरच्या वस्त्यांत राहतो आणि एका खासगी इस्पितळात ठेक्यावर साफसफाईचे काम करतो. कामाची लाज आम्हाला कधी वाटली नाही. आमच्या हातून फरशी पुसली गेली नाही तर ऑपरेशन थिएटर उघडत नाही. त्रास होता तो वागणुकीचा. नाव घेऊन कुणी हाक मारीत नसे. "ए बाई" एवढेच. एकीच्या फोनवर भीमगीताची रिंगटोन होती, ती बदलायला लावली. पाण्याच्या कूलरजवळ आमचा वेगळा प्लास्टिकचा ग्लास. "तुम्हाला तर सगळं फुकटच मिळतं" हे वाक्य आठवड्यातून दोनदा. साप्ताहिक सुट्टी मागितली की खाडा धरायचा. संडासला गेले तरी "कुठे होतीस?" म्हणून चारचौघांत झापायचे.

मन सांगत नव्हते ते शरीर सांगू लागले. संडासला जावे लागू नये म्हणून आम्ही पाणी पिणेच कमी केले. तिघींना लघवीची जळजळ सुरू झाली. दोघींचे बीपी वाढले. एकीला रात्री झोप लागेना, लागली तर दचकून जाग येई. तिकडचा राग घरी निघू लागला. डबा सांडला म्हणून लेकरावर हात उगारला आणि मग रात्रभर स्वतःच रडली. महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी गोळी लिहिली नाही. त्यांनी विचारले, "दिवसभरात पाणी किती पिता? आणि का पीत नाही?" त्या 'का'पासून आमचे बरे होणे सुरू झाले.

तोवर आम्हाला दोनच सल्ले मिळाले होते. घरचे म्हणायचे, सहन कर, नोकरी टिकव. विहारातले काही जण म्हणायचे, ध्यान कर, सगळे विसरशील. दोन्ही सल्ले मायेने दिलेले होते, पण दोन्ही अपुरे होते, असे आमचे मत आहे. भगवंतांनी दुःख विसरायला सांगितले नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते दूर होऊ शकते आणि त्याचा मार्ग आहे, असे सांगितले. चांगला वैद्यही याच क्रमाने जातो. कारण सुपरवायझरच्या वागण्यात असेल तर नुसते डोळे मिटून ते कसे जाणार?

त्या वर्षीच्या वर्षावासात भंतेजींनी राजगृहातल्या वेळुवनाची कथा सांगितली. एक ब्राह्मण चिडून आला आणि त्याने भगवंतांना नाही नाही त्या शिव्या दिल्या. भगवंतांनी विचारले, तुझ्या घरी पाहुणे येतात, त्यांना तू जेवण वाढतोस. त्यांनी ते घेतले नाही तर ते कुणाचे? तो म्हणाला, माझेच. भगवंत म्हणाले, तसेच तुझ्या या शिव्या आम्ही घेतल्या नाहीत, त्या तुझ्याकडेच राहिल्या. ही कथा आपल्याला नेहमी सहनशीलता शिकवायला सांगतात. पण नीट ऐका. भगवंत गप्प बसले नाहीत. त्यांनी उत्तर दिले. शिवी दिली नाही, पण जिची होती त्याच्या पदरात परत घातली.

आम्ही परत घालायला एक वही घेतली. शंभर पानी, साधी. तारीख, वेळ, कोण काय बोलले, जवळ कोण होते. आमच्यातली बारावी शिकलेली लिहायची, बाकीच्या सांगायच्या. पहिल्याच आठवड्यात फरक पडला तो झोपेत. अपमान वहीत उतरला की तो रात्रभर उशाशी बसत नाही. आणि दुसरे असे दिसले की जे प्रत्येकीला आपलेच नशीब वाटत होते, ते नऊजणींचे एकसारखे होते. मग ते नशीब कसले?

बाबासाहेबही यातून गेले आहेत. १९१७ साली परदेशातून शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कचेरीतले शिपाई लांबूनच कागद फेकत. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले. बागेत बसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तिथेही काही सहकाऱ्यांना त्यांनी त्याच भांड्यातले पाणी घेतलेले चालत नव्हते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्यांनी बडोद्याची नोकरी सोडली, प्रश्न सोडला नाही. म्हणून ज्या बहिणीला काम सोडावेच लागते तिला कुणी पळपुटी म्हणू नये.

आम्ही मात्र सोडले नाही. नऊ सह्या करून ठेकेदाराला अर्ज दिला. मागण्या चारच: नावाने हाक, एकच पाण्याची सोय, आठवड्याची सुट्टी, संडासला जाण्याची मोकळीक. वहीतल्या नोंदी जोडल्या. सुट्टी मिळाली, वेगळा ग्लास गेला. आवाज मात्र पूर्ण बदलला नाही. आणि नवा ठेका आला तेव्हा आमच्यातल्या दोघींची नावे यादीत नव्हती. हे लपवणे बरोबर नाही. त्या दोघींना दुसरे काम मिळेपर्यंत बाकी सातजणींनी दर महिन्याला काढून त्यांच्या घरचा किराणा भरला. आमच्या मते संघ म्हणजे हेच.

ध्यान आम्ही सोडलेले नाही. ड्युटीआधी दहा मिनिटे आनापान करतो. श्वास आत, श्वास बाहेर. त्याने हात थरथरत नाहीत आणि बोलताना शब्द सुचतात. पण ध्यान हे औषधाच्या जागी नाही. बीपीची गोळी चालू असेल तर ती बंद करू नका. दोन आठवडे झोप नाही, सारखे रडू येते, जेवण जात नाही, असे असेल तर डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका, घरात सांगा. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलतात. चारचौघांत जातीवरून अपमान झाला तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्यामागे आहे.

आता दर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात तासभर बसतो. दुसऱ्या ठिकाणी काम करणाऱ्या बहिणीही येतात. पगाराची स्लिप वाचतो, पीएफ जमा होतो का पाहतो, बीपी मोजतो. वही दर महिन्याला नव्या हातात जाते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की सभेचे कामकाज, ठराव, मतदान हे सारे भिक्खू संघाला ठाऊक होते. मग आम्हालाही जमायला हवे. जी पूर्वी मान खाली घालून पोछा मारायची, ती आज नव्या मुलीला सांगते, "आधी पाणी पी. मग सांग काय झालं."

नेतृत्व म्हणजे हेच, असे आम्हाला वाटते. आपल्यानंतर येणारीला एकटे पडू न देणे.

म्हणून विहार समित्यांना विनंती. सभागृह भरायला महिला लागतात, तर माईकपुढे आणि समितीतही त्यांना बसवा. आणि घरच्यांना एवढेच सांगणे आहे. आई, बायको, सून ड्युटीवरून आली की स्वयंपाकाचे विचारण्याआधी एक ग्लास पाणी द्या आणि विचारा, आज कामावर कुणी काय बोलले?

जयभीम! नमो बुद्धाय!