पाहुण्याचे नाव

दिवाळीला मी रनाळ्याला जातो तो मुख्यतः वहिनींच्या हातची चकली खायला, आणि जमल्यास घरात आपल्या विद्वत्तेला अजून मान आहे की नाही हे पाहायला. चकलीने आजवर कधी दगा दिलेला नाही. विद्वत्तेची कथा मात्र निराळी आहे.

गेल्या वर्षी नंदुरबार स्टेशनावर मला घ्यायला आलेल्या पुतण्याने फटफटी सुरू करण्यापूर्वीच मोबाइल पुढे केला. "काका, हा पाकट ओळखा बरं!"

समुद्र रनाळ्यापासून लांब. पाकट मला ठाऊक तो शब्दकोशातला. चित्रातला जीव तव्यासारखा गोल, काळाभोर आणि अंगभर पांढरे ठिपके. जणू वहिनींनी रांगोळीला ठिपके मांडून ठेवले आहेत आणि रेषा ओढायच्या राहिल्या आहेत. हा समुद्रातला नव्हे, दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतला, हे पुतण्यानेच सांगितले. खाली विकणाऱ्याने लिहिले होते, 'मोटोरो'. छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवणे हा आमच्या व्यवसायाचा रोगच. मी ऐटीत म्हणालो, "मोटोरोच की!" पुतण्याने माझ्या शब्दावर दोन हजार रुपये विसार पाठवून दिला.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री झोप येईना, म्हणून मी त्या मोटोरोविषयी वाचू लागलो, आणि उरलीसुरली झोपही उडाली. मोटोरो असतो तपकिरी. त्याच्या पाठीवर नारिंगी-पिवळे डोळे असतात आणि प्रत्येकाभोवती काळे कडे. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला तो लिओपोल्डी, ब्राझीलच्या शिंगू नदीतला. त्याच्यासारखाच दिसणारा हेन्लेई टोकँटिन्स नदीतला. शिवाय पाळणारे त्यांचे संकर करतात, म्हणजे ठिपक्यांवरही भिस्त ठेवायची सोय नाही. शास्त्रज्ञ रंगावर थांबत नाहीत, कातडीवरचे काटे पाहतात, दात मोजतात आणि सर्वांत आधी विचारतात, "नदी कोणती?" आपल्याकडे पाहुण्याला आडनावाआधी गाव विचारतात, तसेच हे.

नावाचा घोळ जुनाच आहे. आल्फ्रेड वॉलेसने १८५० ते १८५२ या काळात रिओ निग्रो नदीवर माशांची चित्रे काढली. परतताना त्याचे जहाज जळाले, चित्रे तेवढी वाचली. त्यांत एक लहानसा पाकट होता. पुढे बाजारात तो 'हिस्ट्रिक्स' या भलत्याच जातीच्या नावाने विकला जाई. त्याचे स्वतःचे नाव, वॉलेसी, त्याला मिळाले २०१६ साली!

यात बिघडले काय, असे वाचक विचारतील. मीही विचारले असते. पण २०२२ साली पनामाच्या परिषदेत अशा सात जातींच्या व्यापारावर निर्बंध आले. त्यांत लिओपोल्डी आहे, मोटोरो नाही. आपल्या वन्यजीव कायद्यातही त्याच वर्षी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून यादीतले परदेशी प्राणी पाळणाऱ्यावर नोंदणीची जबाबदारी आली. काळ्याला तपकिरी म्हणण्यात कोणाची सोय आहे, हे सांगायला नको.

आणि आमच्या घरची टाकी दोन फुटांची. हा पाहुणा नुसत्या चकतीनेच तेवढा होणार. त्याच्या शेपटीवर करवतीसारखा दातेरी, विषारी काटा. आणि टाकीत दिवसातून दहा वेळा हात घालणारी आमची सहा वर्षांची पुतणी!

पाडव्याच्या सकाळी, सगळे फराळाला बसले असताना, मी घसा साफ केला. "तो मोटोरो नव्हे. मी चुकलो." दादांनी चहाची बशी खाली ठेवली. वहिनी पदराआड हसल्या. पुतण्या काही बोलला नाही, पण त्याने विकणाऱ्याला दोन प्रश्न पाठवले: मासा कोणत्या नदीतला, आणि कागद कुठे आहेत? उत्तर आले नाही. विसारही आला नाही. तो भाऊबीजेच्या दिवशी माझ्या खिशातून गेला, आणि जाणे न्याय्यच होते.

टाकीत आता पूर्वीचेच चार सोनमासे आहेत. पुतणीने त्यांना नावे ठेवली आहेत. त्यांतला एक सारखे तोंड उघडतो आणि मिटतो, बाहेर मात्र काही येत नाही. त्याचे नाव तिने 'काका' ठेवले आहे.

हे नाव मात्र बिनचूक आहे, असे घरात सर्वांचे मत पडले.