वारा आणि तार

निवृत्तिवेतनाची शिल्लक आफ्रिकेंतील पवनविजेच्या रोख्यांत गुंतवावी काय, अशी पृच्छा आमच्या पुतण्यानें परवां केली. आम्ही त्यास केनिया देशांतील तुर्काना सरोवराची हकीकत सांगितली.

तेथील वारा मोठा जोरकस. युरोपीय व आफ्रिकी बँकांच्या कर्जावर सरोवराजवळील उजाड प्रदेशांत ३६५ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. एकंदर शक्ति ३१० मेगावॉट. २०१७ सालीं चक्क्या सिद्ध झाल्या, परंतु वीज वाहून नेणारी चारशें किलोमीटरांहून लांब तार अपुरीच! ती टाकणें सरकारकडे होतें, आणि सरकारचा स्पॅनिश मक्तेदार ऐन वेळीं दिवाळखोरींत निघाला. तार जुळली २०१८ च्या सप्टेंबरांत. तोंवर जी वीज कोणाच्याच घरीं पोहोंचली नाहीं, तिचाही मोबदला करारान्वयें कंपनीस देणें आलें. त्याचा कांहीं भाग पुढें वीजदरांतून वसूल करण्याचें ठरलें.

“म्हणजे काका, भांडवल घालणारा सुरक्षितच राहिला कीं!” पुतण्या म्हणाला. राहिला खरा, पण दंड भरला तो ज्यांच्या घरीं दिवा लागावयाचा त्यांनीं, आणि असे पैसे आपल्या घरांत यावे काय, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं. तार कोणीं टाकावयाची व न टाकल्यास भुर्दंड कोणावर, तें कलम आधीं वाच, इतकेंच आम्ही त्यास बजावलें. करारपत्र त्यानें मागविलें आहे. तें येईपर्यंत पैसे पोस्टांत.