डिग्री काय फक्त डेअरीच्याच दुधाला?

आईच्या दुधाची सर कशालाच नाही, हे मला शंभर टक्के मान्य आहे. त्याला जोडून बाळंतिणीला जे ऐकवलं जातं, ते मान्य नाही. आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये एका बारशाला आलेल्या शिकल्यासवरल्या पाहुण्यांना पाळण्याजवळ पावडरचा डबा दिसला आणि ते सुरूच झाले. दूध येत नाही हे सगळे मनाचे खेळ, हल्लीच्या मुलींना सोसायला नको. डब्याच्या दुधानं पोराला खडा होतो. आणि वरचं द्यायचंच तर गोठ्यात गाय आहे. निम्मं पाणी घाला आणि पाजा, आपण सगळे त्यावरच वाढलो! पोरगी मान खाली घालून आत गेली. जाताना डबा पदराखाली घेऊन गेली.

सीझर, बाळंतपणातला जास्त रक्तस्राव, अपुऱ्या दिवसांचं बाळ, अशा कारणांनी दूध उशिरा उतरतं आणि काही जणींना ते खरोखरच पुरत नाही. यात सोसण्या-न सोसण्याचा प्रश्न कुठे आला? खडा पुष्कळदा होतो तो पावडर जास्त पडल्यानं. तो दोष मापाचा.

गाईच्या दुधाचा सल्ला मात्र असा सोडून देता येत नाही, कारण तो आमच्याकडे घरोघरी पटतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि जोडीला चार संकरित गाई, अशा भागात दुधाबद्दल आम्हाला कुणी शिकवावं असं आम्हाला वाटतच नाही. संकलन केंद्रावर कॅन गेला की फॅट काढतात, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरणारा घन भाग काढतात. तांब्याभर पाणी पडलं तरी लॅक्टोमीटरची डिग्री उतरते आणि भाव कापला जातो. त्यावरून किती भांडणं झालेली मी पाहिली आहेत. तेच पाणी तीन किलोच्या जिवाच्या वाटीत अंदाजानं ओतताना कुणी हूं की चूं करत नाही.

गाईच्या दुधात प्रथिनं आईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट असतात. ती आणि त्यातले क्षार वासराला हवेत. माणसाच्या नवजात बाळाच्या मूत्रपिंडांना त्यांचा भार पेलत नाही. त्यातलं लोह अंगी लागत नाही, आणि कोवळ्या आतड्यातून नकळत रक्त झिरपू शकतं ते वेगळंच. म्हणूनच वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये असं सांगतात. बरं, निम्मं पाणी घातलं की प्रथिनं उतरतात, पण ताकदही निम्मी होते. बाळ उपाशी राहतं, रडतं. आपण गॅस झाला म्हणून ग्राइप वॉटर पाजतो. पाणी फारच झालं तर रक्तातलं सोडियम घसरून झटके येतात.

‘आपण सगळे वाढलो’ म्हणे. 1971 साली देशात दर हजार जन्मांमागे 129 बाळं वर्षाच्या आत जात होती. सगळी काही दुधापायी गेली नाहीत. पण जी गेली ती बारशाला येऊन साक्ष देत नाहीत. आणि या जुन्या शहाणपणाशी मी आज पहिल्यांदा भांडत नाही. आईचा चीक जड म्हणून पिळून टाकायला लावणारी आणि बाळाला आधी मध चाटवणारी हीच मंडळी होती. गाईच्या चिकाचा मात्र खरवस करून गल्लीभर वाटत होती.

डबा नको, हे पाहुण्यांचं म्हणणं मी एका ठिकाणी मानते. उसाच्या फडावरच्या कोपीत, जिथे पाणी स्वच्छ नाही आणि उकळायला सरपण नाही, तिथे डबा धोक्याचाच. जाहिरातींच्या मोहावरही लगाम हवा. त्यासाठी 1992 चा कायदा आहे. पण त्या कायद्यानं वेसण घातली ती कंपन्यांना. पाहुणे ती बाळंतिणीला घालायला निघाले आहेत. लाज वाटली की ती डबा लपवते, रात्री एकटीच अंदाजानं कालवते, महागाचा डबा पुरावा म्हणून चमचा अर्धाच भरते. खरी दुखणी तिथे सुरू होतात.

मग करायचं काय? आधी बाळ अंगावर घ्यायचं, कमी पडेल तेवढंच वरचं. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पातेलंभर पाणी खळखळून उकळायचं आणि अर्ध्या तासाच्या आत, चांगलं कढत असतानाच वापरायचं. आधी पाणी मोजायचं, मग डब्यातलाच चमचा सपाट करून, डब्यावर लिहिलंय तितकीच पावडर. निववून, मनगटावर थेंब टाकून पाहायचं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, घासायला आणि उकळायला सोपा. उरलेलं टाकून द्यायचं, जीव कितीही तुटला तरी. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढला की थोडी गुळणी आली तरी घाबरायचं कारण नाही. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा वेळा तरी शू होतेय आणि वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, ताप किंवा बाळ मलूल होणं दिसलं तर मात्र थेट दवाखाना.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. बायांनो, त्या येतील तेव्हा डबा लपवू नका. पातेलं, वाटी, चमचा पुढ्यात मांडा आणि त्यांच्या देखत एकदा दूध कालवून दाखवा.