यंत्र वाचते, पण कोणाचे?

पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्याच्या दुपारी जीव तगमगतो. बांधकामावर घमेली उचलणाऱ्या बाईला तर सावलीही मिळत नाही. ऊन वाढले, हे आपल्या माणसांना कोणी सांगायला नको. पण त्यावर सरकारांनी उपाय काय केले आणि ते कोणाच्या उपयोगी पडले, याचा हिशेब कोण ठेवतो? वाचकहो, आज आम्ही त्याविषयी लिहीत आहोत.

हवामान बदलाशी जुळवून घेण्यावर जगात इतके लेख छापले जातात, की वाचायला जन्म पुरणार नाही. म्हणून संशोधकांनी संगणकालाच निवड करायला शिकवले. याला मशीन लर्निंग म्हणतात. यात जादू नाही. आई मुलांना तांदूळ निवडायला शिकवते, 'हा खडा, हा दाणा' असे दाखवते. पुढे मुले आपली आपण निवडतात. तसेच आधी माणसांनी काही लेख वाचून 'हा कामाचा, हा बिनकामाचा' अशा खुणा केल्या आणि त्यावरून यंत्राने बाकीचे चाळले.

सन २०२१ मध्ये शंभराहून अधिक संशोधकांनी अशा रीतीने ४८,३१६ लेख चाळले. त्यांतले १,६८२ माणसांनी बारकाईने तपासले. दिसले असे, की लोक आपापल्या परीने जुळवून घेत आहेत, पण ते सारे तुटक आणि लहान प्रमाणावर. धोका खरोखर कमी झाल्याचा पुरावा नगण्य!

येथे एक गोम आहे. जे लिहिलेले असते तेवढेच यंत्र वाचते. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने हवामान बदलाच्या परिणामांवरचे एक लाखाहून अधिक अभ्यास यंत्राकडून वाचून घेतले. श्रीमंत देशांविषयीचा भक्कम पुरावा गरीब देशांच्या जवळजवळ दुप्पट निघाला. गरिबाला झळ कमी लागते असे नव्हे; त्याची नोंद कमी होते.

आपल्या देशातही तेच. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चने २०२३ मध्ये १८ राज्यांतले ३७ उष्णता कृती आराखडे तपासले. सर्वांत जास्त धोका कोणाला, याची पाहणी फक्त २ आराखड्यांत होती. पैसा कुठून येणार, याचा विचार ११ मध्येच. उद्या यंत्र असे हजार आराखडे एका दिवसात वाचील. पण घमेले उचलणारी बाई त्या कागदावरच नसेल, तर यंत्र तिला कुठून शोधणार?

म्हणून आमचे सांगणे एवढेच. वस्तीत एक वही ठेवा. कोणत्या तारखेला कोण उन्हाने भोवळ येऊन पडले, पाणी किती दिवस आले नाही, हे शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडून लिहून घ्या. पालिकेत जाऊन विचारा, आपल्या शहराचा उष्णता आराखडा आहे का, आणि त्यात आमच्या वस्तीसाठी काय आहे? तोंडी नको, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर न मिळाल्यास २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच.

तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. कागदावर आलेले माणसालाही वाचावे लागते आणि यंत्रालाही.