छापील नव्हे, हातचं

पुण्यात लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत एका शिंप्याचा गाळा रिकामा झाला. नवा भाडेकरू यायला अजून अवकाश आहे, तेवढ्यात एका तरुण चित्रकर्तीने पंधरा दिवसांसाठी तिथे आपल्या लिनोकटचं, म्हणजे लिनोलियमची लादी कोरून छापलेल्या चित्रांचं, दुकान मांडलंय. दोरीला चिमट्यांनी टांगलेली चित्रं, टेबलावर कोरलेल्या लिनोच्या लाद्या, शाईचा रूळ आणि घरून आणलेला स्टीलचा डाव. मी तासभर तिथे होतो. तेवढ्यात तिघांनी तिला एकच गोष्ट विचारली, "छापीलच आहे ना? मग बाराशे रुपये कसे?"

त्या तिघांना मी नावं ठेवणार नाही. 'छापील' म्हटलं की आपल्याला नक्कल आठवते, आणि त्याला आपला इतिहासच कारण आहे. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी याच पुण्यात चित्रशाळा काढली, १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना सुरू केला, आणि देवदेवतांची रंगीत चित्रं घराघरांतल्या भिंतींवर आली. ज्यांना चित्र विकत घेणं स्वप्नातही शक्य नव्हतं, त्यांच्या घरी चित्र पोचलं. हे उपकार लहान नाहीत. पण रविवर्म्याच्या लक्ष्मीचं मूळ चित्र दुसरीकडे होतं. घरात आली ती त्याची प्रतिकृती.

या गाळ्यातल्या चित्रांना असं दुसरीकडे ठेवलेलं मूळच नाही. कागदावर उमटलं तेच मूळ.

ती मंडईचं चित्र करत होती. १८८६ ची ती इमारत, मधला अष्टकोनी मनोरा, खाली टोपल्या. लिनोलियम मुळात जवसाच्या तेलापासून होतं. थंडीत ते कडक होतं, म्हणून ती लादी आधी उन्हात ठेवते. मग कोरणीने जे पांढरं राहायला हवं ते काढून टाकायचं. चित्र उलटं कोरायचं, कारण कागदावर ते सुलटं होणार. दुकानाच्या पाटीवरची अक्षरंसुद्धा आरशातल्यासारखी. शाई काचेवर रुळाने पसरताना चर्र असा बारीक आवाज येतो. तो आवाज बदलला की शाई जास्त झाली हे तिला न बघता कळतं. लादीवर कागद ठेवायचा आणि डावाच्या पाठीने घोटायचा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सारख्या दाबाने. एका कागदाला वीसेक मिनिटं. हात दमला की मनोऱ्याची कड फिकी येते, आणि तो कागद बाद.

मंडईचं चित्र तीन रंगांचं आहे आणि तिन्ही रंगांना लादी एकच. पिवळा सगळ्या कागदांवर छापून झाला की तीच लादी आणखी कोरायची, मग तांबडा, पुन्हा कोरायची, मग काळा. शेवटी लादीवर फक्त काळ्यापुरतं उरतं. एकविसावी प्रत हवी म्हणून कुणी दुप्पट पैसे दिले तरी ती निघणार नाही. चित्राखाली पेन्सिलीने १२/२० लिहिलेलं असतं ते याचसाठी: विसांतली ही बारावी.

म्हणून बाराशे मला जास्त वाटत नाहीत. उलट, मध्यमवर्गीय घराला चित्रकाराच्या हातचं अस्सल चित्र परवडण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही. चित्रकार चित्तप्रसाद मुंबईत अंधेरीला राहून लिनोकट करत. दुष्काळ आणि कष्टकऱ्यांची पोरं कोरणाऱ्या त्या माणसाला हे स्वस्त, अनेकांपर्यंत पोचणारं माध्यम जवळचं वाटावं, यात नवल नाही.

पण पोचायचं कुठून? कलादालनं बहुतेकदा विक्रीतला मोठा हिस्सा घेतात, आणि दालनाचं काचेचं दार ढकलायला आपल्याकडे अजूनही माणूस बिचकतो. गाळ्याची पायरी तो सहज चढतो. हंगामी दुकान तर आपल्या अंगवळणीच आहे. श्रावणात राख्या, भाद्रपदात पेणच्या मूर्ती, दिवाळीत आकाशकंदील. महिनाभर मांडव, मग जागा मोकळी. त्या रांगेत चित्राचं दुकान का नसावं?

अडतं ते जागेपाशी. या मुलीने सात ठिकाणी विचारलं. कुणाला अकरा महिन्यांचाच करार हवा होता, कुणाला तीन महिन्यांची अनामत. शिवाय महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो; भाडेकरू आणि मालक दोघांच्या भल्याचा तो नियम आहे, पण पंधरा दिवसांसाठी ती धावपळ कोण करणार? शिंप्याच्या गाळ्याच्या मालकाने जागा दिली ती तिच्या आजोबांची ओळख निघाली म्हणून.

ओळख नसलेल्यांचं काय? महापालिकेच्या मंडयांमध्ये शटर पडलेले गाळे मला दर फेरीत दिसतात. त्यांतले दोन-तीन पंधरवड्याच्या बोलीवर, ठरलेल्या भाड्याने, एका पानाच्या अर्जावर कलाकारांना द्यावेत. भाडं माफ नको. ती मुलगीही तसं म्हणाली. तिला जागा हवी आहे, आणि उभं राहून प्रश्न विचारणारी माणसं. किंमत विचारणाऱ्या तिघांपैकी एका आजींच्या हातात तिने डाव दिला होता. आजींनी अर्धा कागद घोटला, कागद उचलून बघितला आणि म्हणाल्या, "अगं, मनगट भरून येतं की!"

दुकान रविवारी रात्रीपर्यंत आहे. सोमवारी नवा भाडेकरू रंगकाम काढतोय. उरलेले कागद बटर पेपरमध्ये गुंडाळून पुन्हा तिच्या पलंगाखाली जातील.